गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड पूर्ण वॅट घेत नाही? आधी आकडे वाचा, मग हात लावा

लॅपटॉपवर आरटीएक्स 4060 चं स्टिकर आहे, गेम मात्र निम्म्या फ्रेमरेटवर रखडतो आणि गेमवर आकडे दाखवणाऱ्या ओव्हरलेमध्ये जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स चिपची, पॉवर 50–60 वॅटच्या पुढे सरकत नाही. असं दिसलं की बहुतेकजण लगेच ड्रायव्हर उडवून नवा टाकतात. तो उपाय कधीकधीच लागू पडतो, कारण ग्राफिक्स चिपला किती वॅट द्यायचे हे ड्रायव्हर एकटा ठरवत नाही. चिपचं स्वतःचं व्हीबायोस (तिच्यात बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर), मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर (लॅपटॉपची पॉवर सांभाळणारी छोटी चिप, पुढे नुसतं ईसी म्हणू), ॲडॅप्टर, बॅटरी, ठिकठिकाणचे तापमान सेन्सर आणि शेजारचा सीपीयू, यांपैकी कुणीही एकानं 'नाही' म्हटलं की वॅट खाली येतात. नाही कोण म्हणतंय ते सापडलं की दुरुस्ती बहुधा अर्ध्या तासाची असते. ते न शोधता केलेली दुरुस्ती मात्र आठवडाभर चालते.

मुळात किती वॅट मिळायला हवेत?

एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपमध्ये अगदी वेगळ्या पॉवरवर चालू शकते. आरटीएक्स 4060 च्या लॅपटॉप चिपला लॅपटॉप बनवणारी कंपनी 35 ते 115 वॅटच्या दरम्यान कुठलीही मर्यादा ठरवून देऊ शकते. आरटीएक्स 3060 साठी हीच रेंज 60 ते 115 आहे, 3050 साठी 35 ते 80 आणि 4080 साठी 60 ते 150. पूर्वी कमी पॉवरच्या चिपच्या नावामागे 'मॅक्स-क्यू' असायचं; 2021 मध्ये 30 सिरीज आली तेव्हा ते नावातून गेलं आणि नुसत्या नावावरून अंदाज बांधणं संपलं.

या आकड्याला टीजीपी (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणतात. त्यावर डायनॅमिक बूस्ट येतो: सीपीयू निवांत असेल तर त्याच्या वाट्याचे काही वॅट ग्राफिक्सकडे वळवले जातात, 40 सिरीजमध्ये 25 पर्यंत. जाहिरातीत 4060 ला '140 वॅट' लिहिलेलं असतं ते 115 अधिक 25 असं असतं. हे वरचे 25 उसने आहेत, सीपीयूला काम आलं की परत जातात. त्यामुळे 140 चा लॅपटॉप गेममध्ये 115–120 दाखवत असेल तर तो बिघाड नाही.

तुमच्या मशीनचा आकडा पाहायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्प मेन्यूतून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा आणि 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' ही ओळ वाचा. त्याच यादीत डायनॅमिक बूस्ट आहे की नाही हेही दिसतं. तिथे 60 वॅट लिहिलं असेल आणि गेममध्ये 60 मिळत असतील, तर लॅपटॉप ठणठणीत आहे. अशा वेळी पुढचं सगळं सोडून थेट 'मर्यादा हलत नसेल तर' या भागाकडे वळा.

एकाच वेळी पाहायचे आकडे

एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली' मोडमध्ये सुरू करा. डोळा ठेवायच्या ओळी: जीपीयू पॉवर, जीपीयू कोअर लोड, जीपीयू तापमान (दाखवत असेल तर हॉट स्पॉट, म्हणजे चिपवरचा सगळ्यात गरम बिंदूही), सीपीयू पॅकेज पॉवर, सीपीयू तापमान, बॅटरीचा चार्ज रेट आणि 'जीपीयू परफॉर्मन्स लिमिट' हा गट. या शेवटच्या गटात पॉवर, थर्मल, रिलायबिलिटी व्होल्टेज, मॅक्स ऑपरेटिंग व्होल्टेज, युटिलायझेशन अशा ओळी असतात आणि प्रत्येकीसमोर 'येस' किंवा 'नो' येतं. जीपीयू-झेड या टूलमध्ये हीच माहिती 'परफकॅप रीझन' नावानं मिळते.

मग चार्जर लावून एखादा जड गेम स्क्रीनच्या मूळ रिझोल्यूशनवर, व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करून, किमान 15 मिनिटं चालवा. पहिल्या दोन मिनिटांचे आकडे धरू नका; हीटसिंक गार असताना प्रत्येक लॅपटॉप शूर असतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंगचं बटण आहे, ते दाबून फाइल बनवून ठेवा. फरमार्कनं पॉवरची मर्यादा चटकन कळते, पण तो जवळजवळ फक्त ग्राफिक्सवर भार टाकतो. सीपीयू आणि जीपीयू एकत्र तापल्यावर काय होतं ते गेममध्येच दिसतं.

समजा लॉगमध्ये भार 98 टक्के, पॉवर 60 वर खिळल्यासारखी, तापमान 68 अंश आणि पॉवर लिमिट 'येस' आहे. चिप गार आहे, काम करायला तयार आहे, पण तिला वॅट नाकारले जात आहेत. इथे मोड, ॲडॅप्टर, ईसी किंवा डायनॅमिक बूस्ट तपासायचा.

तापमान 87 ला चिकटलंय, पॉवर सुरुवातीला 115 होती, आठव्या मिनिटाला 80 झाली आणि थर्मल 'येस' आहे, तर ही उष्णतेची केस.

भार 70 टक्के, पॉवर 55, समोर युटिलायझेशन 'येस': चिपला कुणी अडवत नाही, तिच्यापर्यंत पुरेसं कामच येत नाही.

पॉवर दर काही सेकंदांनी 110 वरून 40 वर कोसळते, पुन्हा चढते: ॲडॅप्टर कमी पडतोय किंवा बोर्डावरचा पॉवरचा भाग, म्हणजे व्हीआरएम, तापतोय.

आणि एक फसवं चित्र आहे. 4060 किंवा 4070 मध्ये भार 98, पॉवर 95–100, मर्यादा 140, आणि लिमिटमध्ये व्होल्टेजची ओळ 'येस'. इथे चिप तिच्या कमाल व्होल्टेजला पोचलेली असते आणि त्या व्होल्टेजवर त्या गेमला यापेक्षा जास्त वॅट लागतच नाहीत. '140 मिळत नाहीत' अशा तक्रारींपैकी बऱ्याच याच असतात. करण्यासारखं काही नाही.

आणखी खोलात जायचं तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनव्हिडियाचं एसएमआय टूल चालवा: 'एनव्हिडिया-एसएमआय', स्पेस, 'हायफन क्यू', स्पेस, 'हायफन डी', स्पेस, 'परफॉर्मन्स'. सगळं इंग्रजी अक्षरांत, शेवटचा शब्द कॅपिटलमध्ये. त्याच जागी 'पॉवर' लिहिलं तर सध्याची मर्यादा दिसते (काही लॅपटॉपवर तिथे आकडा येत नाही, तो दोष नव्हे). परफॉर्मन्सच्या यादीत 'एचडब्ल्यू पॉवर ब्रेक स्लोडाउन' ॲक्टिव्ह दिसलं तर ते सोन्यासारखं निदान आहे: चिपच्या बाहेरून, म्हणजे लॅपटॉपच्या पॉवर सप्लायच्या बाजूनं, ब्रेक लागलाय. 'एसडब्ल्यू पॉवर कॅप' म्हणजे नेहमीची ठरलेली मर्यादा. 'एसडब्ल्यू' आणि 'एचडब्ल्यू' थर्मल म्हणजे उष्णता.

काम पोचत नसेल तर

हा भाग लवकर उरकतो. एनव्हिडियाच्या सेटिंग्जमध्ये मॅक्स फ्रेम रेट, व्हिस्पर मोड किंवा बॅटरी बूस्ट चालू राहिलेत का ते पाहा. गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तर चालत नाही ना, हे टास्क मॅनेजरमध्ये कळतं. तसं असेल तर विंडोज सेटिंग्जमधल्या डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. सिंगल चॅनेल रॅममुळे सीपीयू अडखळतो आणि ग्राफिक्स चिप वाट बघत बसते. मक्स स्विच (स्क्रीन थेट ग्राफिक्स चिपला जोडायची सोय) असेल तर डिस्क्रीट मोडवर ठेवा, म्हणजे फ्रेम इंटिग्रेटेड ग्राफिक्समार्फत फिरून जाणार नाहीत. 1080पी वर शूटर गेममध्ये 300 फ्रेम येत असतील आणि पॉवर 60 असेल, तर सीपीयू थकलाय एवढंच. रिझोल्यूशन वाढवून पाहा, वॅट लगेच वर जातील.

मोड आणि रीस्टार्ट

वॅट नाकारले जात असतील तर पहिला संशयित परफॉर्मन्स मोड. विंडोजच्या पॉवर सेटिंग्जमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडणं पुरत नाही, कारण ग्राफिक्सची मर्यादा ईसीकडे असते आणि ईसी ऐकतो तो कंपनीच्या सॉफ्टवेअरचं. लेनोवो लीजनमध्ये एफएन आणि क्यू दाबा, पॉवर बटणाचा दिवा लाल व्हायला हवा. निळा म्हणजे क्वाएट, पांढरा म्हणजे बॅलन्स. एसूसमध्ये एफएन आणि एफ5, किंवा आर्मरी क्रेटमधून टर्बो. एमएसआय सेंटरमध्ये एक्स्ट्रीम परफॉर्मन्स, एसरमध्ये नायट्रोसेन्स किंवा प्रिडेटरसेन्स, एचपीमध्ये ओमेन गेमिंग हब, डेलच्या जी सिरीजमध्ये कीबोर्डवरची 'जी' लिहिलेली की.

एसूसच्या मॅन्युअल मोडमध्ये दोन स्लायडर असतात ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही: डायनॅमिक बूस्ट, 5 ते 25 वॅट, आणि टेम्परेचर टार्गेट, 75 ते 87 अंश. टार्गेट 75 वर राहिलं असेल तर चिप 75 ला पोचताच पॉवर उतरू लागते आणि लोक थर्मल पेस्ट बदलायला बसतात. स्लायडर 87 वर न्या, बास.

एकाच वेळी दोन कंट्रोल सॉफ्टवेअर ठेवू नका. आर्मरी क्रेट आणि जी-हेल्पर, किंवा व्हँटेज आणि लीजन टूलकिट, अशी जोडी चालू असेल तर दोघंही आपापली मर्यादा ईसीला कळवत राहतात आणि शेवटी ज्यानं सांगितलं त्याचं चालतं.

झोपेतून उठल्यावर वॅट अडकणं हीही नेहमीची तक्रार. त्यावर 'शटडाउन' करून पुन्हा चालू केलं तर फरक पडेलच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज शटडाउनमध्ये स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत आणतं. मेन्यूतलं 'रीस्टार्ट' वापरा, ते खरं नव्यानं सुरू होतं.

ॲडॅप्टर: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

ॲडॅप्टरच्या पोटावर आउटपुट लिहिलेलं असतं. 19.5 व्होल्ट गुणिले 9.23 अँपिअर म्हणजे 180 वॅट. 20 व्होल्ट गुणिले 11.5 म्हणजे 230. आता हिशेब करा. ग्राफिक्सला 140, सीपीयूला 45, स्क्रीन, रॅम, एसएसडी, फॅन मिळून 30 धरा: 215 झाले. व्होल्टेज बदलताना बोर्डावर जे वाया जातं ते वेगळं. म्हणजे 230 च्या ॲडॅप्टरवर हे जेमतेम बसतं आणि 180 वर बसूच शकत नाही. ईसीला हे माहीत असतं, म्हणून लहान ॲडॅप्टर दिसताच तो वॅट कापतो.

टाइप-सी चार्जरचं तर बोलायलाच नको. 100 वॅटच्या पीडी चार्जरवर लॅपटॉप 'चार्जिंग' दाखवतो, बॅटरीही भरते, पण बहुतेक गेमिंग मॉडेलमध्ये टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड निवडताच येत नाही. गेम खेळताना मूळ गोल किंवा चौकोनी पिनचा चार्जरच हवा.

पुढची खोच अशी की ॲडॅप्टर मोठा असूनही लॅपटॉपला तो ओळखता यायला हवा. डेल आणि एचपीच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावरून लॅपटॉप ॲडॅप्टरची ओळख विचारतो. सुई वाकली, आतली तार तुटली किंवा ॲडॅप्टर दुय्यम असला की डेल सुरू होताना 'ॲडॅप्टर ओळखता आला नाही' असा इशारा देतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि वेगही उतरवतो. बायोसमध्ये ॲडॅप्टरचे वॅट लिहून येतात. तिथे 'अननोन' दिसलं तर टॉर्च लावून सुई पाहा. लेनोवोच्या चौकोनी पिनमध्ये हीच ओळख एका रेझिस्टरवरून पटते.

गेम चालू असताना बॅटरीचा चार्ज रेट पाहा. चार्जर लावलेला असून तो सतत मोठ्या उणे आकड्यात असेल आणि टक्के उतरत असतील, तर ॲडॅप्टर पुरत नाही. एकदा थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहा, पिन पूर्ण आत बसलीय का तपासा, आणि पाच मिनिटांच्या गेमनंतर लॅपटॉपच्या बाजूनं पिनला बोट लावा. ॲडॅप्टरचा ठोकळा गरम होणं चालतं. पिनच चटका देत असेल तर जॅकमध्ये सैल जोड आहे. तो गेमिंगसाठी तर वाईटच, त्यातून आगीचाही धोका असतो.

बॅटरीही या साखळीत आहे. भार अचानक उसळला की ॲडॅप्टरला मदत म्हणून बॅटरी क्षणभर पॉवर पुरवते. बॅटरी काढून टाकलेली, फुगलेली किंवा खूप झिजलेली असेल तर बरीच मॉडेल्स ती उसळीच होऊ देत नाहीत आणि मर्यादा कायमची खाली ठेवतात. कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' टाका (इंग्रजी अक्षरांत), बनलेली फाइल उघडा आणि 'डिझाइन कपॅसिटी'शी 'फुल चार्ज कपॅसिटी' ताडून पाहा. निम्म्याच्या आसपास आली असेल तर बॅटरी बदला. फुगली असेल तर टक्के कितीही दाखवोत, तो लॅपटॉप वापरणं आजच थांबवा.

ईसीची पाटी कोरी करणं

ॲडॅप्टर नीट आहे, मोड बरोबर आहे आणि तरी आकडा 30–40 वॅटवर बसलाय, तर ईसी अजून 'आपण बॅटरीवर आहोत' असं समजून बसलेला असू शकतो. तो रीसेट करायचा.

1. लॅपटॉप बंद करा. चार्जर, यूएसबी, एचडीएमआय, सगळं काढा.
2. पॉवर बटण 30 ते 60 सेकंद दाबून धरा. मध्येच दिवा लागला तरी सोडू नका.
3. काही मॉडेल्सच्या खालच्या बाजूला टाचणीएवढं रीसेटचं छिद्र असतं. असेल तर त्यात पेपरक्लिप काही सेकंद दाबा. छिद्र नसेल आणि मागचं झाकण उघडता येत असेल, तर बॅटरीची कनेक्टर पिन सोडवून मग बटण दाबा.
4. चार्जर लावून सुरू करा, परफॉर्मन्स मोड पुन्हा निवडा, मोजा.

याच्या जोडीनं डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज'खाली जाऊन 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज ते आपोआप परत बसवतं आणि चार्जर लागलाय की नाही याची नोंद ताजी होते.

डायनॅमिक बूस्ट आणि ड्रायव्हर

पॉवर नेमकी टीजीपीवर थांबते, उदाहरणार्थ 115 वर, आणि सीपीयू शांत असतानाही वरचे 15–25 येत नाहीत. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एनव्हिडिया प्लॅटफॉर्म कंट्रोलर्स अँड फ्रेमवर्क' हे नाव शोधा. वॅटची देवाणघेवाण त्याच्यामार्फत होते. ते डिसेबल असेल तर एनेबल करा, पिवळं चिन्ह असेल किंवा गायबच असेल तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. त्यात हे पॅकेज बहुधा असतं. उलटही घडतं: एखाद्या ड्रायव्हर आवृत्तीत हाच घटक बिघडतो आणि वॅट खाली अडकतात. म्हणून तपासणीपुरतं ते डिसेबल करून, रीस्टार्ट करून आकडा बदलतो का पाहायला हरकत नाही. बदलला, तर दोष सापडला. ड्रायव्हर बदला आणि ते पुन्हा चालू करा.

आता ड्रायव्हर उडवायची खरी वेळ. डीडीयू (जुना ड्रायव्हर पूर्ण पुसणारं टूल) उतरवून घ्या, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये जा, डीडीयूनं साफ करा, रीस्टार्ट करा, मग ड्रायव्हर टाका. इंटरनेट तोडलं नाही तर विंडोज अपडेट मधल्या वेळेत स्वतःचा जुना ड्रायव्हर घुसवतं आणि सगळी मेहनत वाया. बायोस आणि ईसी फर्मवेअर अपडेट उपलब्ध असेल तर तेही करा, पण बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच.

कंट्रोल पॅनेलमधलं 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' हे सगळीकडे सुचवलं जातं. ते क्लॉक (चिपचा वेग) खाली उतरू देत नाही, वॅटची मर्यादा वाढवत नाही. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरचा पॉवर लिमिट स्लायडर लॅपटॉपवर करडा, म्हणजे न हलणारा, दिसतो आणि एसएमआय टूलनं मर्यादा वाढवायला गेलात तर बहुतेक मशीनवर नकार येतो. त्यात वेळ घालवू नका.

उष्णता

बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचं टार्गेट तापमान 87 अंश असतं. तिथे पोचलं की पॉवर हळूहळू कापली जाते. पण चिप 75 वर असूनही वॅट पडतात असंही होतं, कारण सीपीयू आणि ग्राफिक्स बहुधा एकाच हीटपाइपवर असतात आणि सीपीयू 97 वर शिजत असतो. काही लॅपटॉपमध्ये बाहेरच्या कव्हरच्या तापमानाचाही सेन्सर असतो; गादीवर किंवा मांडीवर ठेवल्यावर वॅट पडतात त्यामागे पुष्कळदा तोच.

आधी फुकटचं करा: मागची बाजू 2–3 सेंटिमीटर उचलून ठेवा आणि तोच 15 मिनिटांचा गेम पुन्हा चालवा. तापमान 5 अंशांनी उतरलं आणि वॅट वर गेले, तर हवेचाच प्रश्न होता. मग झाकण उघडून जाळी साफ करा. फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मगच हवेचा झोत मारा. मोकळं पातं भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. खरा अडथळा पात्यांवर नसतो. फॅन आणि हीटसिंकच्या पत्र्यांच्या मध्ये धुळीची घट्ट वळी बसते, ती बाहेरून फुंकून निघत नाही. फॅनचे स्क्रू काढून ती चिमट्यानं ओढून काढावी लागते.

पेस्ट कधी बदलायची? हॉट स्पॉट आणि सरासरी तापमानात 10–15 अंशांचं अंतर साधारण असतं. 20–25 च्या वर जायला लागलं तर पेस्ट कडेला ढकलली गेलीय. लॅपटॉपमध्ये पातळ पेस्ट काही महिन्यांत पुन्हा तशीच ढकलली जाते, म्हणून हनीवेलचं पीटीएम7950 हे फेज चेंज मटेरियल बरं. साधारण 0.25 मिलिमीटर जाडीचा तुकडा, डायच्या (चिपच्या उघड्या सिलिकॉनच्या) मापाचा कापायचा, फिल्म सोलण्याआधी 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर तो फिल्मसोबत फाटतो. ते 45 अंशांच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन गरम-गार फेऱ्यांनंतरच खरा आकडा मिळतो.

हीटसिंक काढण्याआधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रूजवळ 1, 2, 3 असे अंक कोरलेले असतात: काढताना उलट क्रमानं थोडे-थोडे सैल करा, बसवताना सरळ क्रमानं. मेमरी आणि व्हीआरएमवरचे थर्मल पॅड फाटू देऊ नका आणि बदलायचे झालेच तर त्याच जाडीचे टाका. अर्धा मिलिमीटर जाड पॅडही हीटसिंकला डायवरून उचलून धरतो. मग मेमरी गार आणि चिप आधीपेक्षा गरम, असा उफराटा निकाल मिळतो. कंपनीनं लिक्विड मेटल लावलेलं असेल (चकचकीत, पाऱ्यासारखं) तर सवय नसताना हात लावू नका. त्यातून वीज वाहते आणि एक थेंब शेजारच्या कपॅसिटरवर गेला की बोर्ड गेला.

सीपीयूचा हात आखडा

सीपीयू गरजेपेक्षा जास्त वॅट खात असेल तर उसने वॅट ग्राफिक्सला मिळतच नाहीत, वर उष्णताही वाढते. चाचणीसाठी जुन्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 99 करा. यानं टर्बो बूस्ट बंद होतो. ग्राफिक्सचे वॅट तत्काळ वर गेले तर निदान पक्कं, पण टर्बो कायमचा बंद ठेवू नका; फ्रेम अडखळतात. त्याऐवजी इंटेलवर थ्रॉटलस्टॉपमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दीर्घकालीन मर्यादा, म्हणजे पीएल1, 45 वॅट करून पाहा. बहुतेक गेमना तेवढं पुरतं.

मर्यादा हलत नसेल तर

60 किंवा 80 वॅट हीच कंपनीची मर्यादा असेल, तर तेवढ्याच वॅटमध्ये जास्त काम काढून घ्यायचं. पॉवर लिमिटला अडकलेल्या चिपवर त्यासाठी व्होल्टेजची वक्ररेषा (कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक, हे दाखवणारी) कोरत बसायची गरज नसते. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकचा स्लायडर अधिक 75 करा आणि अप्लाय दाबा. अख्खी वक्ररेषा वर सरकते, म्हणजे त्याच व्होल्टेजला आणि जवळपास त्याच वॅटला चिप 75 मेगाहर्ट्झ जास्त पळते. गेम अर्धा तास टिकला तर 100, मग 125. चिपचे क्लॉक 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलतात. गेम बंद पडला, स्क्रीनवर ठिपके आले की दोन पायऱ्या खाली या. रे ट्रेसिंगचा एखादा गेमही चाचणीत ठेवा, साध्या गेममध्ये टिकलेला ऑफसेट तिथे कोसळतो. काही दिवस सुरळीत जाईपर्यंत 'स्टार्टअपला लागू करा' ही खूण करू नका.

मेमरी क्लॉक मात्र कमी वॅटच्या चिपवर हपापल्यासारखा वाढवू नका. मेमरीही त्याच 60 वॅटमधून खाते आणि कोअरच्या तोंडचा घास जातो.

चिप वॅटऐवजी तापमानाला अडकत असेल तर वक्ररेषेचा उपयोग आहे. कंट्रोल आणि एफ दाबून ती उघडा, 0.850 व्होल्टचा बिंदू चिप सध्या भाराखाली जो क्लॉक धरते त्यापर्यंत उचला आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्या उंचीच्या खाली ओढून अप्लाय करा. रेषा तिथून पुढे सपाट दिसायला हवी. क्लॉक जवळपास तेवढाच राहतो, वॅट आणि तापमान उतरतं. अस्थिर झालं तर 0.875 घ्या.

लिनक्स आणि एएमडी

लिनक्सवर डायनॅमिक बूस्टसाठी 'एनव्हिडिया-पॉवरडी' ही सेवा चालू असावी लागते (30 सिरीज आणि पुढच्या चिपसाठी). बऱ्याच डिस्ट्रोमध्ये ती आपोआप सुरू होत नाही. सिस्टिमसीटीएलनं एनेबल करा. पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वर न्या, त्यावरूनच ईसीला मोड कळतो. एएमडी रेडिऑनच्या लॅपटॉपमध्ये देवाणघेवाण स्मार्टशिफ्ट करतं आणि आकडे ॲड्रेनालिनमध्ये दिसतात. तिथला वॅटचा आकडा काही चिपवर फक्त कोअरचा असतो, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो कमी दिसणं साहजिक. बाकी ॲडॅप्टर, मोड, उष्णता हे सगळं जसंच्या तसं लागू.

जिथे थांबायचं

दुसऱ्या लॅपटॉपचं जास्त वॅटचं व्हीबायोस टाकणं आणि शंट रेझिस्टर (ज्यावरून बोर्ड करंट मोजतो) बदलणं हे उपाय वाचायला मोहक आहेत. बोर्डाचे कॉइल, मॉस्फेट, हीटसिंक आणि ॲडॅप्टर हे सगळं मूळ आकड्यासाठी मोजूनमापून बसवलेलं असतं, वॉरंटी जाते, आणि व्हीबायोस फसलं तर प्रोग्रामर चिमटा लावून चिप पुन्हा लिहावी लागते. 15 वॅटसाठी हा व्यवहार तोट्याचा.

मूळ ॲडॅप्टर ओळखला जातोय, ईसी रीसेट झालाय, स्वच्छ ड्रायव्हर आहे, चिप 65 अंशांवर आहे आणि तरी पॉवर ब्रेक किंवा हार्डवेअर स्लोडाउन ॲक्टिव्ह दिसतंय, तर बिघाड बोर्डावरच्या करंट मोजणाऱ्या भागात, व्हीआरएममध्ये किंवा एखाद्या तापमान सेन्सरमध्ये आहे. सर्व्हिस सेंटरला 'गेम हळू चालतो' असं सांगू नका, ते विंडोज नव्यानं टाकून परत देतील. 15 मिनिटांची लॉग फाइल, कंट्रोल पॅनेलमधल्या कमाल वॅटचा स्क्रीनशॉट आणि एसएमआय टूलच्या परफॉर्मन्स यादीचा स्क्रीनशॉट सोबत द्या, आणि जॉबशीटवर 'ग्राफिक्स पॉवर 115 ऐवजी 35 वॅट, तापमान 65, पॉवर ब्रेक ॲक्टिव्ह' असं आकड्यांसकट लिहून घ्या.